भुंगेऱ्याची हंगामी नोकरी

ऑगस्ट आला, गाजरगवत निर्मूलन सप्ताहाचा फलक लागला. खालचा अर्धा मजकूर गाजरगवतानंच झाकल्यामुळे निर्मूलन कुणी करायचं ते काही वाचता येत नाही.

परदेशी मदत तळागाळात पोहोचत नाही म्हणणाऱ्यांनी एकदा कोल्हापुरात कळंब्याहून शेंडा पार्कापर्यंत पायी जावं. अमेरिकेनं १९५४ साली कायदा केला आणि न खपणारा गहू गरीब देशांकडं वळवला. आपण १९५६ मध्ये करार केला. त्याच गव्हातून हे गवत आलं म्हणतात. पुण्यात ते १९५५ सालीच दिसलं होतं. सहीच्या आधी पोहोचलेली मदत ही एवढीच असावी! गव्हाला रेशनकार्ड लागलं, रांग लागली. गवताला अर्ज नाही, दाखला नाही, थेट बांधावर.

मग मदतीवर उतारा म्हणून १९८३ मध्ये मेक्सिकोचा भुंगेरा आणला. पठ्ठ्या पावसाळ्यात गाजरगवताची पानं चाळण करतो. पाऊस सरला की जमिनीत शिरून झोपतो, तो पुढच्या पावसालाच उठतो. गवत मात्र ओल मिळेल तिथं बारमाही. मध्यंतरी भुंगेऱ्यानं सूर्यफुलाला तोंड लावल्याची तक्रार झाली, रीतसर चौकशी झाली, प्रकरण मिटलं. आता सांगा राव, प्रकल्पाचा सल्लागार याहून वेगळा काय करतो? निधी हिरवागार असेतो दिसतो, आटला की भूमिगत, आणि नवा निधी आला की त्याच गवतावर नव्यानं हजर. फरक असलाच तर एवढाच, की भुंगेरा अहवाल लिहीत नाही, विमानाचं भाडं मागत नाही आणि ‘लोकसहभाग कमी पडला’ असंही म्हणत नाही.

सप्ताहात साहेब येतात. हातात रबरी मोजे, तोंडाला मास्क, मुठीत एकच झाड, तेही आधीच कुणीतरी उपटून ठेवलेलं. फोटो. या गवतानं अंगाला खाज सुटते, कातडी फुटते, दम लागतो, म्हणून काळजी. बरोबरच आहे. पण त्याच गवतात वर्षभर वाकून भांगलण करणाऱ्या बायका उघड्या हातानं ते उपटतात, रात्रभर हात खाजवतात आणि सकाळी पुन्हा पातीला लागतात. सत्तर वर्षांत देशोदेशीचा गहू आला, किडे आले, तज्ज्ञ आले. या बायकांसाठी एक मोजा कुणाच्या अंदाजपत्रकात बसला नाही! फोटोतले मोजे त्यांनी मागितले, तर ते म्हणे मोजून परत जमा करायचे असतात.