मामा बोट दाखवतात

भाचा तेलाच्या टँकरवर थर्ड ऑफिसर म्हणून लागला आणि ताईच्या जिवाला घोर लागला. "मी आहे ना!" म्हणत मी जहाजं दाखवणारं अ‍ॅप मोबाइलवर घेतलं. तेव्हापासून आमच्या घराण्याला फुकटचा बंदर अधिकारी मिळाला.

अभ्यास दांडगा केला. भाच्याची बोट सुएझमॅक्स, म्हणजे भरल्या पोटी सुएझ कालव्यातून जेमतेम निघणारी. लांबी 274 मीटर, रुंदी 48, पोटात सुमारे दहा लाख पिंपं कच्चं तेल. जहाजाचा आयएमओ क्रमांक सात आकडी. नाव, झेंडा, मालक काहीही बदलो, तो बदलत नाही. ड्राफ्ट, म्हणजे बोटीची पाण्याखालची खोली, सतरा मीटर दिसला की बोट भरलेली, आठ-नऊ दिसला की रिकामी, हे मी एका लग्नाच्या पंगतीत व्याह्यांना समजावलं. ते जिलबी टाकून उठले.

ताईचा प्रश्न एकच, "जेवला असेल का रे?" ती नोंद अ‍ॅपमध्ये नव्हती.

एकदा भर अरबी समुद्रात बोटच गायब! जहाजाचा ठावठिकाणा सांगणारा एआयएस संदेश व्हीएचएफ रेडिओवर जातो, किनाऱ्यापासून लांब गेल्यावर तो फक्त उपग्रहाला ऐकू येतो, आणि उपग्रहाचे पैसे पडतात. मी फुकट्या. इकडे ताईने देव पाण्यात घातले.

पुढे बोट फुजैराजवळ उगवली ती गोल गोल फिरतच. इंजिन बंद? चाचे? रात्री दोनला मी कंपनीच्या ऑफिसात फोन लावला. पलीकडचा गृहस्थ जांभई देत म्हणाला, "अहो, नांगरावर आहे ती. वारा-पाणी फिरेल तशी नांगराभोवती फिरणारच. वरती 'अ‍ॅट अँकर' लिहिलंय बघा."

लिहिलं होतं. ठळक अक्षरांत.

अब्रू सावरायला दोन दिवसांनी फॅमिली ग्रुपवर ताजी बातमी टाकली: "आपला पठ्ठ्या ओमानचं रास अल हद्द ओलांडतोय. वेग 13 नॉट. काळजी नसावी." ताईने नुसता अंगठा पाठवला. तेवढ्यात दारावरची बेल वाजली. दारात भाचा, हातात खजुराचा डबा.

"फुजैराला साइन ऑफ झालो, मामा. आईला माहीत होतं. पण तुमचा उत्साह बघून तिला सांगवेना."

पाणी पिऊन झाल्यावर त्याने सहज विचारलं, "बोट कुठवर गेली हो?"

मी चष्मा लावला आणि त्याला अक्षांश-रेखांशासकट सांगितलं.