तिरकी रेघ

मनमाड–परभणी लोहमार्गावर ‘मानवत रोड’ स्टेशन लागतं. तिथं उतरलेला नवखा पाहुणा मानवत शोधू लागतो, आणि कुणीतरी त्याला सांगतं, गाव अजून पुढं आहे, रिक्षा बघा. रेल्वेनं ‘रोड’ एवढं लिहून हात झटकले. आमच्याकडची प्रोग्रॅम लिहिणारी पोरंही फाइलीचा पत्ता असाच देतात. सी ड्राइव्ह, युझर्स, स्वतःचं नाव, डेस्कटॉप. जिनिंगच्या पावत्यांचा प्रोग्रॅम घरच्या लॅपटॉपवर झकास चालतो. मोंढ्यातल्या कॉम्प्युटरवर गेला की तिथं ना तो युझर, ना त्याचा डेस्कटॉप.

त्यात रेघेचं भांडण. युनिक्सनं सत्तरच्या दशकातच फोल्डर वेगळे करायला / घेतली. १९८१ च्या डॉसमध्ये फोल्डरच नव्हते, आणि ही रेघ आज्ञेपुढच्या पर्यायांसाठी खर्ची पडली होती. १९८३ मध्ये डॉस २.० बरोबर फोल्डर आले, तेव्हा त्यांच्या वाट्याला उरलेली \ आली. घाईत उरकलेली ही सोयरीक जग अजून निभावतंय. शिवाय बऱ्याच प्रोग्रॅमिंगच्या भाषांत \ ला स्वतःचा स्वभाव आहे. तिच्यामागं धाकटा इंग्रजी ‘एन’ आला की नवी ओळ सुरू होते, ‘टी’ आला की मोकळी जागा पडते. म्हणजे इंग्रजी अक्षरांत लिहिलेले ‘नवीन’ आणि ‘तूर’ हे दोन्ही फोल्डर गोत्यात. गंमत म्हणजे विंडोज आतून बहुतेक ठिकाणी / सुद्धा चालवून घेतं. मग हट्ट कशाला? त्याहून बरं, रेघ हातानं लिहूच नये. पायथॉनमध्ये २०१४ पासून पाथलिब आहे. तुकडे त्याच्या हवाली करावेत, जोडणी तो बघतो.

थोरल्या-धाकट्या अक्षरांचा भेद विंडोज सहसा मानत नाही, लिनक्स कटाक्षानं मानतं. आपल्या लिपीत तो भेदच नाही, म्हणून मराठी नावं दिली की सुटलो असं वाटतं. पण ‘शेतकऱ्यांच्या पावत्या’ हे नाव घ्या. त्यातला ऱ युनिकोडमध्ये एकसंध अक्षर म्हणून लिहिता येतो, किंवा र आणि खाली नुक्ता असा दोन तुकड्यांत. ॲपलची जुनी एचएफएस प्लस व्यवस्था नावं फोडून ठेवायची. तीच फाइल लिनक्सवर आली की डोळ्यांना नाव तंतोतंत तेच दिसतं, आणि मशीन म्हणतं, अशी फाइल नाही. शेतकऱ्याला कागद सापडत नाही, ही तक्रार इथपर्यंत पोचली!

पण म्हणून मराठी नावं सोडू नका. पायथॉनच्या युनिकोडडेटा मॉड्यूलमध्ये नॉर्मलाइझ नावाचं फंक्शन आहे. दोन नावं ताडून बघण्याआधी दोन्ही त्यातून काढा, आणि पत्ता स्वतःच्या डेस्कटॉपपासून न देता प्रोग्रॅमच्या फोल्डरपासून द्या.