दिवस भरले नाहीत!

दिल्लीने १३ मे २०२१ रोजी जाहीर केलं, की कोविशील्डच्या दोन डोसांमधलं अंतर आता १२ ते १६ आठवडे. आधार काय, तर प्रत्यक्ष वापरातून मिळालेला पुरावा, विशेषतः ब्रिटनमधला. दुसऱ्याच दिवशी खुद्द ब्रिटनने पन्नाशीपुढच्यांसाठी अंतर १२ आठवड्यांवरून ८ वर आणलं. लस तीच, ऑक्सफर्डची. धास्तीही कोरोनाच्या त्याच डेल्टा अवताराची. ज्याच्या पेपरात डोकावून आपण उत्तर उतरवलं, त्याने घंटा व्हायच्या आत ते खोडलं.

त्या काळात कुठल्या देशाकडे लस किती, हे कळायला सरकारी पत्रकं वाचावी लागत नव्हती. दुसरा डोस कधी, एवढंच विचारायचं. इस्रायलने फायझरला चढा भाव मोजला आणि वर नागरिकांच्या लसीकरणाची आकडेवारी द्यायचं कबूल केलं. माल वेळेवर आला. तिथे दुसरा डोस २१ दिवसांनी, चाचण्यांमध्ये दिला होता तसाच. ब्रिटनकडे साठा बेताचा, म्हणून ३० डिसेंबर २०२० रोजी त्याच फायझरच्या लसीचं अंतर १२ आठवड्यांवर गेलं. २१ दिवसांपलीकडची आकडेवारी आमच्याकडे नाही, असं कंपनी सांगत राहिली. कॅनडाने तर माणशी कित्येक डोस पुरतील एवढ्या ऑर्डरी नोंदवून ठेवल्या होत्या. माल काही येईना. मार्च २०२१ मध्ये तिथल्या तज्ज्ञ समितीला चार महिनेही चालतील असं वाटू लागलं.

रशियाचं आणखी वेगळं. स्पुटनिकचे दोन डोस दोन निरनिराळ्या विषाणूंवर बेतलेले, आणि दुसरा बनवायला महाकठीण. अर्जेंटिनात लाखो लोक पहिला टोचून घेऊन दुसऱ्याच्या वाटेकडे डोळे लावून बसले. एप्रिलमध्ये स्पुटनिक तयार करणाऱ्या गमालेया संस्थेच्या प्रमुखांना उमगलं, की २१ दिवसांऐवजी तीन महिने थांबलं तरी बिघडत नाही.

आता, शास्त्र अगदीच खोटं होतं असं नाही. ऑक्सफर्डच्या लसीत अंतर वाढलं की प्रतिपिंडं जोमदार येतात, हे चाचण्यांत दिसलं होतं. पण एका डोसने डेल्टाची लक्षणं जेमतेम ३३ टक्के अडतात, हेही ब्रिटनमध्येच त्याच मे महिन्यात दिसलं. दोन पुराव्यांपैकी कुठला उचलायचा, हे फ्रीजमध्ये किती कुप्या आहेत त्यावर ठरत होतं.

आपल्या फ्रीजचं काय? १ मेपासून अठरा वर्षांपुढच्या सगळ्यांना लस, अशी घोषणा झालेली. त्याच्या आदल्या दिवसापासून मुंबईतली केंद्रं तीन दिवस बंद. महाराष्ट्राने पंधरवड्याच्या आत तरुणांचं लसीकरण थांबवलं आणि तो साठा पंचेचाळिशीपुढच्यांच्या दुसऱ्या डोसकडे वळवला. जगाला लस पुरवणारा कारखाना हडपसरला, आणि पुण्यातल्याच केंद्रांवर 'लस उपलब्ध नाही'चे बोर्ड. अशा मुहूर्तावर अंतर वाढलं. सरकारने सांगितलं, टंचाईचा आणि याचा काडीचा संबंध नाही. महिन्याभराने सरकारच्या तज्ज्ञ गटातलेच काही सदस्य म्हणाले, आम्ही आठ ते बारा आठवड्यांपर्यंत राजी होतो, सोळाला आमच्याकडे पुरावा नव्हता.

लसनोंदणीच्या कोविनचं सॉफ्टवेअर मात्र लगेच राजी झालं. मार्चअखेरीस पहिला डोस घेतलेले आजोबा पालिकेच्या दवाखान्यासमोर सकाळी सहापासून रांगेत. अकराच्या सुमारास खिडकीपाशी नंबर लागतो.

"आजोबा, तुमचे चौऱ्याऐंशी दिवस भरले नाहीत. कॉम्प्युटर घेत नाही."

"अहो सिस्टर, ते भरू नयेत म्हणूनच तर आलोय!"

याच कॉम्प्युटरला जूनमध्ये पाझर फुटला. परदेशी शिकायला किंवा नोकरीला जाणारे आणि टोकियो ऑलिम्पिकचे खेळाडू यांना २८ दिवसांनंतर दुसरा डोस मिळेल, असं ठरलं. पासपोर्ट दाखवायचा. म्हणजे बोस्टनला निघालेल्या नातवाची प्रतिकारशक्ती चार आठवड्यांत तयार, आणि त्याला सोडायला विमानतळावर जाणाऱ्या आजोबांची बारा आठवड्यांनी. व्हिसाचा रक्तावर हा परिणाम वैद्यकशास्त्रात अजून कुणी अभ्यासलेला दिसत नाही.

नेपाळात तर अंतर आठवड्यांत मोजायची सोयच नव्हती. मार्चमध्ये तिथल्या लाखो वृद्धांनी आपल्याकडून गेलेली कोविशील्ड घेतली, आणि मग आपण निर्यात थांबवली. आपल्याकडे मढी जळत होती तेव्हा, त्यामुळे कुणाला बोल लावायचा? पण ते म्हातारे मधल्यामध्ये लटकले. दुसरा डोस ऑगस्टमध्ये जपानने पाठवला.

आणि तिसऱ्या डोसची गंमत ऐका. जानेवारी २०२२ मध्ये आपल्याकडे 'प्रिकॉशन डोस' आला, दुसऱ्यानंतर नऊ महिन्यांनी. तोवर लोकांचा उत्साह मावळलेला. कोविशील्ड बनवणाऱ्या कंपनीच्या प्रमुखांनी, अदर पूनावालांनी, एप्रिलमध्ये सांगितलं, की २० कोटी डोस पडून आहेत, उत्पादन डिसेंबरअखेर बंद केलं. हे नऊ महिने सहावर आणा, असंही ते सुचवत होते. जुलैमध्ये अंतर सहा महिन्यांवर आलं. अर्थात तज्ज्ञांच्या शिफारशीनुसार.