हाली नोटेचा जलप्रवास

बिदर-कलबुर्गीकडे लोक किल्ले पाहायला जातात. मीही इतिहासप्रेमीच, पण माझ्या इतिहासप्रेमाला बाजारभाव कळल्याखेरीज चैन पडत नाही. महमूद गवानाचा मदरसा 1472चा, कलबुर्गीच्या किल्ल्यातली जामा मशीद 1367ची. दोन्ही वास्तू बघण्यासारख्या, पण विकाऊ नाहीत, म्हणून एका वाक्यात आटोपतो. भालकी, औराद, बसवकल्याणच्या जुन्या वाड्यांतल्या ट्रंकांचं तसं नाही. तिथे निजामाच्या राजवटीची एखादी हाली नोट निघू शकते, आणि ती निघाली की सगळं घर एकच विचारतं, "हिचे किती येतील?" माझं उत्तर ऐकून घरातली ज्येष्ठ मंडळी नाराज होतील. नोटेने आयुष्यभर इमानेइतबारे काम केलं असेल, तर फार येणार नाहीत. बाजारात भाव कामचुकार नोटेला आहे.

आता पुरावा. हैदराबाद संस्थानाने 1918 साली कायदा करून स्वतःच्या नोटा काढल्या. इंग्रजांचा रुपया तो कलदार, निजामाचा तो हाली, आणि पुढे ठरलेला हिशेब सात हालीला सहा कलदार. सप्टेंबर 1948मध्ये संस्थान भारतात आलं तरी हाली लगेच संपली नाही, ती पुरती रद्द व्हायला 1959 उजाडलं. मुदतीत बदलून घेतल्या त्या नोटा गेल्या, विसरल्या गेल्या त्या ट्रंकेत राहिल्या. यावर कोणी म्हणेल, मग उरल्यासुरल्या दुर्मीळच की! दुर्मीळ असतील, पण संग्राहक नोटेचं वय विचारण्याआधी तब्येत विचारतो. बाजारहाटाची नोट चार घड्या घालून चंचीत वा कनवटीला राहिलेली असते. घड्या एकमेकींना छेदतात तिथे मधोमध बारीक भोक पडतं, कडा मऊ होतात, कोपरे झिजतात. तेवढ्यावर भागलं असतं, पण घरातला एखादा सुशिक्षित पुढे सरसावून तिला चिकटपट्टी लावतो, इस्त्री फिरवतो, वर लॅमिनेशन करतो. नोट जपण्याच्या नावाखाली तिचा उरलासुरला भाव घालवणाऱ्या या वर्गाबद्दल मला मनापासून राग आहे. कसर निदान कडेकडेने तरी खाते.

कामचुकारपणाचा कळस पाहायचा तर बिदर सोडून फ्रान्सच्या किनाऱ्याकडे जावं लागतं. हैदराबादच्या नोटा लंडनला वॉटरलो कंपनी छापत असे. अशा कोऱ्या, सही न झालेल्या नोटांचा साठा 'इजिप्त' नावाच्या बोटीतून मुंबईला निघाला. सोबत दहा लाख पौंडांहून अधिक किमतीचं सोनं-चांदी होतं. 20 मे 1922 रोजी दाट धुक्यात 'सेन' नावाची फ्रेंच मालवाहू बोट येऊन धडकली आणि वीसेक मिनिटांत 'इजिप्त' बुडाली. ऐंशीहून अधिक माणसं गेली, त्यावर विनोद नाही. बोट सव्वाशे मीटरच्या आसपास खोल पाण्यात, अंधारात पडून राहिली. 'आर्टिग्लिओ' या इटालियन बोटीने तिला शोधून काढलं, पण 1930मध्ये दुसरं एक बुडालेलं जहाज सुरुंगाने फोडताना स्फोटात तीच बुडाली, तिच्यावरचे बहुतेक लोक गेले. त्याच नावाच्या दुसऱ्या बोटीने 1932मध्ये सोनं वर काढलं. वर आलेल्या मालात निजामाच्या नोटाही होत्या, त्यांतल्या काहींच्या मागे ही हकिगत छापून त्या आठवण म्हणून विकल्या गेल्या. म्हणजे पाहा, या नोटेने एक शेर ज्वारी घेतली नाही, सावकाराचं व्याज फेडलं नाही, अर्थखात्याची सहीसुद्धा तिच्या नशिबी आली नाही. दहा वर्षं खाऱ्या पाण्यात लोळून ती लिलावात मानाने बसते, आणि कलबुर्गीच्या बाजारात राबलेली तिची बहीण चिकटपट्टीत गुदमरते.

इथे खरा आक्षेप येतो. भिजलेल्या नोटेला भाव असेल, तर तब्येतीचा नियम कुठे राहिला? नियम राहिला, फक्त त्याला दुसरा नियम भेटला. हकिगत मोलाची असते, पण ती नोटेवर दिसली पाहिजे, सिद्ध झाली पाहिजे. "आमच्या पणजोबांना खुद्द निजामाने दिली" ही हकिगत प्रत्येक ट्रंकेत एक तरी असते आणि तिला पुरावा म्हणजे मोठ्या आत्याबाई. शुभ मानलेल्या 786 क्रमांकाच्या नोटेला हौशी गिऱ्हाईक मिळतं हे खरं, पण ती श्रद्धेची किंमत झाली, ती विचारणाऱ्यापरत्वे बदलते. आणि जुन्या नोटेचे लाखो देऊ म्हणून आधी शुल्क मागणारे तर निव्वळ ठग. रिझर्व्ह बँकेने 2021 साली तशी जाहीर सूचनाच दिली आहे. पाचशे-हजारच्या 2016मध्ये रद्द झालेल्या नोटांचा तर खजिना करूच नये. 2017च्या कायद्याने दहापेक्षा जास्त, आणि अभ्यासक-संग्राहकाने पंचवीसपेक्षा जास्त, बाळगणं गुन्हा आहे.

तरीही ती फाटकी हाली नोट फेकवत नाही. तिच्यावर उर्दू, मराठी, तेलुगू आणि कानडी शेजारी शेजारी नांदतात. 1 नोव्हेंबर 1956ला भाषेवरून वाटणी झाली, बिदर जिल्ह्यातलं उदगीर-निलंगा मुंबई राज्यात आलं, भालकी-औराद म्हैसूरला गेलं, आणि एकाच घरातल्या बहिणी दोन राज्यांत पडल्या. नोटेवर या वाटणीची रेघ नाही. संग्राहक या गोष्टीचा पैसा देत नाही, म्हणून नोट चिकटपट्टीविना जाणत्याला दाखवावी, आधी कुणाला दमडी देऊ नये, आणि भाव पडेल निघाला तर ठेवून द्यावी. घरच्यांनी फारच छळलं तर सातास सहा हा सरकारी दर सांगावा. तो बंद पडल्याचं त्यांनी विचारलं तरच सांगावं.