वाडाभक्त

नाशिकच्या सराफ बाजारात सगळ्यांची नजर काचेमागच्या सोन्यावर असते. ज्याची नजर वर, कुणाच्या तरी लाकडी सज्ज्यावर असते आणि ज्याच्यामुळे मागची स्कूटर कचकन थांबते, तो वाडाभक्त. स्कूटरवाला त्याचा उद्धार करायला लागला तरी हा ढळत नाही. "ती तुळई बघा, अखंड साग!" म्हणून त्यालाच दाखवतो.

हा गृहस्थ बहुधा निवृत्त असतो. खांद्याला शबनम आणि शबनममध्ये टेप. वाड्याच्या दिंडीतून शिरताना माणूस आधी आपलं डोकं सांभाळतो. हा आधी खांबावर बोटं वाजवतो. "साग!" आतून मालकीणबाई सांगतात, "अहो, वाळवी लागली म्हणून मागच्या वर्षी सिमेंटचा केला. वर नुसता रंग आहे." तरी त्याचा हात खांबावरून खाली येत नाही.

त्याच्या लेखी नाशिकच्या इतिहासात दोनच कालखंड. पेशवेकालीन आणि बिल्डरकालीन. पेशवाई 1818 साली संपली, ही बातमी त्याच्यापर्यंत पोचलेली नाही. त्यामुळे गांधीजींच्या दांडीयात्रेच्या वेळचा वाडासुद्धा पेशवेकालीन. एकदा एका कौलावर त्याला 1865 हा आकडा सापडला आणि वाड्याचं वय ठरलं म्हणून कौलाचा फोटो ग्रुपवर गेला. हे साल मंगळूरच्या बासेल मिशनच्या कौल कारखान्याच्या स्थापनेचं, वाड्याचं नव्हे, असं एकाने नम्रपणे लिहिलं. तो आता ग्रुपमध्ये नाही.

शिवाय प्रत्येक वाड्याखाली भुयार असतंच. ते सरकारवाड्यात निघतं, नाहीतर थेट त्र्यंबकेश्वरला. कोणी आत गेलं होतं का, असं विचारलं तर आजोबा गेले होते. मग आत नाग दिसला, म्हणून आजोबांनीच तोंड बुजवलं. गावातली यच्चयावत भुयारं अशा आजोबांनीच बुजवलेली आहेत.

पण याला हसून मोकळं होणं बरोबर नाही, कारण मधूनच हा माणूस खरं बोलतो. मोगलाईतलं गुलशनाबाद पेशव्यांच्या काळात पुन्हा नाशिक झालं आणि सरदारांचा पैसा गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, आला. 1747 साली नारोशंकराचं देऊळ, 1756 साली चंद्रचूडांचं सुंदरनारायण, पुढे ओढेकरांचं काळाराम. देवळांमागोमाग सरदार, सावकार आणि क्षेत्रोपाध्ये यांचे वाडे उठले. नारोशंकराच्या देवळावरची घंटा 1739च्या वसईच्या विजयाची, आणि पुराचं पाणी त्या घंटेला लागलं की महापूर, हे नाशिककरांचं जुनं माप. मातीच्या गढीवर 1950-51 साली हसमुख सांकलिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केलं, तेव्हा गावाची मुळं ताम्रपाषाण काळापर्यंत गेलेली निघाली. हे सगळं तो न अडखळता सांगतो.

वाडा उभा कसा राहतो, हेही त्याला बरोबर ठाऊक. खाली काळ्या दगडाचं जोतं, त्यावर लाकडी सांगाडा. खांब, तुळया, कडीपाट. भार सगळा लाकडावर, विटामातीची भिंत मधली जागा भरायला. म्हणून वाड्याचा शत्रू पूर कमी आणि फुटलेलं कौल जास्त. चार थेंब रोज एकाच सांध्यात गेले की तुळईचं टोक कुजतं, आणि एका पावसाळ्यात भिंत पोट काढते. भाडेकरू जुन्या पावतीचं नाममात्र भाडं देतो, मालक तेवढ्या भाड्यात कौल बदलत नाही, भाऊबंदकी कोर्टात असते आणि पावसाळ्याच्या तोंडावर दारावर महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस लागते. इतकं नेमकं निदान करणारा डॉक्टर औषधाचं नाव निघालं की मात्र चहा मागतो.

परवा भद्रकालीजवळच्या एका वाड्यात त्याने तिथल्या आजींना फरशी बसवू नका म्हणून गळ घातली. "शेणाने सारवलेल्या जमिनीची सर नाही हो आजी."

"मग या की राहायला. वरची खोली मोकळीच आहे. नळ पहाटे येतो, बादल्या जिन्याने वर न्यायच्या. संडास खाली, चौकापलीकडे."

वाडाभक्ताला तेवढ्यात गंगापूर रोडला कुणाला तरी भेटायचं आठवलं.

गंगापूर रोडला त्याचा स्वतःचाच फ्लॅट आहे, लिफ्टसकट. तिळभांडेश्वर गल्लीतल्या वडिलोपार्जित वाड्याच्या बदल्यात मिळालेला. बिल्डरच्या कागदावर सही करताना त्याला रडू आलं, पण सही सुवाच्य आली. दोन पार्किंगपैकी एक भाड्याने दिलंय. हॉलमध्ये टीव्हीखाली त्याच वाड्याचं कोरीव हस्त आहे, तांबट आळीतल्या घंगाळात छत्र्या, आणि सेफ्टी डोअरवर दिंडीची पितळी कडी. ती वाजवली तर आत ऐकू येत नाही, म्हणून शेजारी बेल.

वाडा पडला की मात्र सर्वांत आधी हाच पोचतो. फोटो काढतो, हळहळतो, ग्रुपवर श्रद्धांजली टाकतो. पडण्याआधी चौकाची, जिन्याची, खांबांची मापं कोणी उतरवून ठेवली का? टेप तर याच्याच शबनममध्ये होता.

तेव्हा वाडेवाल्यांनो, हा मे महिन्यात तुमच्या दारी आला तर हाकलू नका. चहाही लगेच देऊ नका. आधी शिडी द्या, आणि म्हणावं, एवढी कौलं चाळून द्या, मग भुयाराचं बोलू.