वायव्येचा सूर्य

नकाशातला सूर्य वायव्येला असतो. तो उगवत नाही, मावळत नाही, त्याला ग्रहण लागत नाही. जमिनीपासून ४५ अंश उंचीवर तो बारा महिने ठाण मांडून बसलेला असतो. डोंगरांना उजेड-सावली देणारं सॉफ्टवेअर उघडलं, की दिशेच्या रकान्यात बहुतेक वेळा ३१५ हा आकडा आधीच भरलेला सापडतो. आपल्याकडे खरा सूर्य एवढ्या उंचीवर असताना बरोब्बर वायव्येला कधीच येत नाही. जूनमध्ये बिचारा थोडा उत्तरेकडे सरकतो, पण तेव्हा सह्याद्रीवर ढगांचं राज्य असतं, त्यामुळे त्याच्या या धाडसाला साक्षीदार मिळत नाही.

हा बनाव डोळ्यासाठी आहे. उजेड वरून येतो हे आपल्या डोळ्याने लहानपणीच पक्कं ठरवून टाकलेलं असतं आणि कागदाची वरची बाजू म्हणजे त्याच्या लेखी आकाश. उजेड खालच्या कोपऱ्यातून आला, की डोंगर खड्ड्यात जातात आणि नद्या कण्यासारख्या वर येतात. हिमालयाची उपग्रहातून घेतलेली छायाचित्रं बघताना हे हमखास होतं. ती बहुधा सकाळची असतात, उजेड आग्नेयेचा असतो आणि माणसं दऱ्यांना शिखरं समजून कौतुकाने बघत बसतात. म्हणून आम्ही नकाशावाले सूर्याची बदली करतो. त्याचा एक फायदा असा, की हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर आमच्याकडे सदैव कलतं ऊन असतं. खरा कडा त्या उन्हात बघायचा तर आधी गड चढावा लागतो.

या कलेतला थोर माणूस स्वित्झर्लंडचा. एडुआर्ड इम्होफ त्याचं नाव. संगणक नव्हते तेव्हा तो ब्रशने हे सगळं करत असे. शिखरांवर कोमट पिवळा, दऱ्यांत निळसर धूसरपणा, म्हणजे उंच ते जवळचं वाटावं आणि खोल ते हवेत विरघळल्यासारखं दिसावं. आज आम्ही तोच परिणाम चार लेयर एकावर एक ठेवून, मधल्याला ‘मल्टिप्लाय’ लावून आणतो आणि वर मान वेळावून म्हणतो, अर्ध्या तासात केलं. इम्होफ हे बघायला नाही, हे बरंच आहे.

उंचीची गोष्ट तर आणखी नाजूक. भारत उत्तर-दक्षिण ३,२१४ किलोमीटर. समजा, देशाचा नकाशा दारभर केला, दोन मीटर उंच. त्यावर १,६४६ मीटरची कळसूबाई खऱ्या प्रमाणात किती भरेल? एक मिलिमीटर. महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर, आणि बोट फिरवलं तर भिंतीच्या रंगाचा पापुद्रा वाटेल. मग उंची काही पटींनी वाढवावी लागते. किती पटींनी, ते नकाशा मागणारा कुठला आहे यावर थोडंफार अवलंबून असतं, असं मी खासगीत सांगेन.

आमच्या धंद्यात सगळ्यांची मागणी एकच: “जरा उठाव येऊ द्या.” उठाव आणायची सध्याची हुकमी युक्ती म्हणजे चमक. जॉन नेल्सन नावाच्या अमेरिकी नकाशाकाराने ती ‘फायरफ्लाय’ म्हणून लोकप्रिय केली. काजवेच ते. बेसमॅप, म्हणजे खालचा मूळ नकाशा, काळपट करायचा, त्यातले रंग पिळून काढायचे. मग माहितीचा प्रत्येक ठिपका तीनदा काढायचा: खाली मोठा आणि जवळजवळ पारदर्शक, त्यावर मध्यम, आणि मधोमध बारीक पांढरा. झालं, कंटाळवाणी एक्सेल फाइल लुकलुकायला लागते. कळसूबाईच्या पायथ्याशी भंडारदऱ्याला पावसाच्या तोंडावर लोक गाड्या घेऊन काजवे बघायला जातात. त्यांच्या गाड्यांचे दिवे इतके, की काजव्यांनीच पर्यटकांचा महोत्सव भरवावा.

चमकेचा दोष असा, की उजेडावर उजेड पडला की पांढरं होतं, आणि पांढऱ्याच्या पुढे रंग नाही. २०१० मध्ये फेसबुकमध्ये उमेदवारी करणाऱ्या पॉल बटलरने जगभरच्या मैत्रीच्या रेषा नकाशावर काढल्या, तेव्हा पहिल्या फटक्यात त्याच्या पडद्यावर मधोमध पांढरा गोळा आला होता. मग त्याने रेषांचं वजन कमीजास्त केलं आणि किनारे, देश आपोआप उमटले. एकही सीमारेषा न काढता! चीन तेवढा अंधारात राहिला. तिथे फेसबुक नव्हतं, मैत्री असावी.

चमकणाऱ्या नकाशावर मात्र माणूस काहीही विश्वासाने पाठवतो. दिवाळीच्या रात्री अवकाशातून दिसणारा भारत तुम्हालाही आला असेल: लाल, हिरवा, निळा, जणू देशभर एकाच वेळी भुईनळे लागलेत. ते चित्र दिवाळीचं नाही. अमेरिकेच्या हवामानखात्यासारख्या संस्थेतल्या, म्हणजे ‘नोआ’तल्या, ख्रिस एल्व्हिज या शास्त्रज्ञाने अनेक वर्षांच्या उपग्रह-नोंदी एकत्र करून तो नकाशा बनवला. पांढरे दिवे १९९२ च्या आधीचे, निळे १९९२ चे, हिरवे १९९८ चे आणि लाल २००३ चे. म्हणजे आपण ज्याला फटाके समजून हात जोडतो ती वाढलेली गावं आहेत. शेवटी नासाने १२ नोव्हेंबर २०१२ च्या रात्रीचं खरं चित्र काढून दाखवलं आणि सांगितलं, की दिवाळीचा जादा उजेड इतका किंचित असतो, की अवकाशातून तो बहुधा कळणारच नाही. गंमत म्हणजे दिवे नीट दिसावेत म्हणून हे खरं चित्रही उजळून घेतलेलं होतं. खंडन करायलाही उठाव लागतोच! आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर मी हा खुलासा टाकला. मामांनी त्याला अंगठा दाखवला आणि पुढच्या दिवाळीला तेच रंगीत चित्र “पहा आपला भारत” म्हणून पाठवलं. मामांशी वाद घालता येत नाही, आणि खरं सांगायचं तर चित्र देखणं आहे.

देखणेपणाशी माझं भांडण झालं ते एका घाटरस्त्यामुळे. एका कार्यालयाला त्या घाटातल्या अपघातांचा नकाशा हवा होता. अर्थातच उठावदार. काळी जमीन केली, अपघात नारिंगी केले, चमक लावली. घाट हिऱ्यांच्या कंठ्यासारखा लखलखायला लागला. अवघड वळणांवर तर डोळे दिपत होते. तिथे सात अपघात असोत की सत्तर, पांढरं ते पांढरंच. नकाशा बघून साहेब खुर्चीत पुढे सरकले.

“वा! हा आपण कॅलेंडरला घेऊ.”

“साहेब, हे अपघात आहेत.”

“माहितेय हो. पण दिसतात काय! नोव्हेंबरच्या पानावर छान जाईल. दिवाळी आहे.”

दुसऱ्या खेपेला मी पांढऱ्या कागदावर करडा रस्ता आणि बारीक काळे ठिपके घेऊन गेलो. चमक नाही, सावली नाही, एकमेकांवर येणारे ठिपके शेजारी शेजारी मांडलेले. साहेबांनी तो उलटसुलट बघितला.

“हा जरा उदास वाटतो.”

“हो.”

मग त्यांनी चष्मा लावला, एका वळणावर पेन्सिल टेकवली आणि मोजायला लागले. अकरापर्यंत आले, पुन्हा पहिल्यापासून मोजलं, मला मोजायला लावलं. माझेही अकराच आले. “इथे आरसा नाहीये का हो बसवलेला?” त्यांनी शेजारच्या टेबलाला विचारलं. शेजारच्या टेबलाने फाइल शोधायला घेतली. कॅलेंडरला कुठल्याशा किल्ल्याचा फोटो बघू, असं ठरलं.