दुसरी पुरवणी

कोणालाच ठाऊक नसलेल्या शब्दाचा खोटा अर्थ सांगून चारचौघांना गंडवायचं, हा खेळ कॅनडात 1984 मध्ये 'बाल्डरडॅश' या नावानं खोक्यात घालून विकायला काढला गेला. त्याच्या कितीतरी आधीपासून लोक तो नुसता शब्दकोश आणि चिठोऱ्या घेऊन फुकटात खेळत होते. आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत तो असाच फुकटातला खेळतात, कोजागरीच्या रात्री, गच्चीवर, मसाला दूध आटेपर्यंत. एकानं कोश उघडून अडनिडा शब्द काढायचा. बाकीच्यांनी मनानं अर्थ रचून चिठ्ठी द्यायची. खरा अर्थ त्यातच मिसळायचा, सगळ्या चिठ्ठ्या एका सुरात वाचायच्या आणि खरा कुठला ते ओळखायचं. तुमच्या थापेला जितकी मतं, तितके तुमचे गुण.

तळमजल्यावरच्या आजोबांकडे दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश आहे. 1932 ते 1938 या काळात निघालेले सातही खंड, शिवाय 1950 चा पुरवणी खंड. दोन पोरं धापा टाकत त्यातला एखादा खंड वर आणतात. पण एवढ्यावर कोश पुरा झाला असं आमच्याकडे कुणी मानत नाही, कारण पहिल्या मजल्यावर काका राहतात. पोरं त्यांना 'दुसरी पुरवणी' म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि काकांना ते आवडतं.

इतर खेळाडू नेहमीचेच. लहान मुलं प्रत्येक शब्दापुढे 'एक प्रकारचा पक्षी' लिहितात. आयटीवाला जावई फोनवर हळूच शोधून बघतो आणि नेटवर्क नाही म्हणून चिडतो. एक वहिनी स्वतःची चिठ्ठी वाचली जायला लागली की पदरात तोंड खुपसून हसतात, त्यामुळे त्यांचं लिखाण कुठलं हे खालच्या वॉचमनलासुद्धा कळतं. यांना थाप मारायला जमत नाही, म्हणजे ही माणसं चांगली असावीत. खेळायला मात्र अगदी निकामी.

काकांची गोष्टच वेगळी. उभी नोकरी त्यांनी सरकारी कचेरीत टिपण्या लिहिण्यात घालवली. जे आपल्याला माहीत नाही ते वरच्या साहेबालाही माहीत नसणार, अशा भरवशानं लिहायचं कसं, हे त्यांच्या हाडीमांसी खिळलेलं. त्यांच्या चिठ्ठीत पहिल्यांदा लिंग येतं: पु., स्त्री., न. मग कंसात प्रदेश, तोही कोशाच्याच पद्धतीनं: (व.) म्हणजे वऱ्हाडी, (गो.) म्हणजे गोमंतकी. मग अर्थ. मग एक वाक्प्रचार, तोही घरचाच. दाते-कर्व्यांचा कोश जुन्या शुद्धलेखनातला, 1962 च्या नियमांच्या आधीचा, म्हणून काका नपुंसकलिंगी शब्दाच्या डोक्यावर आठवणीनं अनुस्वार देतात. चिठ्ठी दुसराच माणूस मोठ्यानं वाचणार, तो अनुस्वार कुणाला ऐकूही येणार नाही. तरी देतात. याला म्हणतात कारागिरी.

गेल्या कोजागरीला 'चाडं' निघालं. पाभरीनं पेरताना बी सोडायचं जे भोकाभोकांचं लाकडी वाडगं असतं ते. खऱ्या अर्थाची चिठ्ठी बिचारी एवढंच म्हणत होती, आणि तिच्यानंतर काकांची वाचली गेली. "चाडें. न. (व.) लग्नात रुसलेल्या वरपक्षाच्या पाहुण्यास समजुतीखातर द्यावयाचा सुपारीएवढा गूळ. चाडें मागणें, म्हणजे विनाकारण रुसून बसणें." गच्चीवर एकच 'अहाहा' झालं. लाकडी वाडग्याला कोण विचारतो? खरा अर्थ हा असा घरच्या कपड्यात येतो, आपल्याकडे कुणी संशयानं बघेल हे त्याच्या गावीच नसतं. थाप मात्र अत्तर लावून येते. सगळी मतं गुळाला पडली.

कोपऱ्यात शाल गुंडाळून पेंगत बसलेल्या एक आजी तेवढ्या जाग्या झाल्या. त्या खेळत नव्हत्या. "अगं, चाडं ना? पाभरीचं. चाड्यावर मूठ धरतात की पेरायला."

काका अदबीनं म्हणाले, "बरोबर आहे आजी. तो दुसरा अर्थ."

काकांचं मर्म इथे आहे. इतरांची थाप मतमोजणीबरोबर संपते, काकांची तिथून सुरू होते. त्या दिवशी अकोल्याहून आलेली एक नवी सूनबाई बसली होती. ती म्हणाली, "आमच्याकडं नाही बा असं काही म्हणत."

"तू अकोला शहरातली. हे दर्यापूरकडं चालतं."

"माझं माहेर दर्यापूरचंच आहे, काका."

"मग तुझ्या पणजीच्या वेळचं असणार. घरी विचारून बघ."

पणजी हयात नाही याची खात्री काका आधीच करून घेत असावेत. त्यांच्या खोट्या शब्दांचे साक्षीदार नेहमी वारलेले असतात, नाहीतर धरणाखाली गेलेल्या गावचे.

काकू दूध ढवळता ढवळता म्हणाल्या, "यांना खेळात घेऊ नका म्हणून मी दरवर्षी सांगते. हे खेळत नसतात."

आणि खरंच, एकदा लिहिला की तो अर्थ काकांना पटतो. कोश पुढ्यात ठेवून दाखवलं तर ते कोशाकडे एखाद्या कनिष्ठ कारकुनाकडे बघावं तसं बघतात. मग ठेवणीतला 'डॉर्ड' बाहेर पडतो. हा किस्सा मात्र खरा आहे, आणि काकांच्या तोंडून खरं ऐकण्याची ती एकमेव संधी म्हणून आम्ही तो दरवर्षी ऐकतो. 1934 च्या वेबस्टरच्या मोठ्या कोशात 'डॉर्ड' असा शब्द छापून गेला, अर्थ घनता. मूळ चिठ्ठी होती 'डी ऑर डी', म्हणजे घनतेसाठी मोठा किंवा छोटा डी वापरतात, एवढंच सांगणारी. कुणीतरी ती अक्षरं जोडून वाचली. संपादकांच्या हे लक्षात यायला 1939 साल उजाडलं.

"म्हणजे सगळी अमेरिका तेवढी वर्षं डॉर्ड घेऊन जगली," काका म्हणतात, "काय बिघडलं कुणाचं?"

यावर उत्तर नसतं. बिघडतं ते आमच्याच सोसायटीत. आता कुणाचा मुलगा जेवायला येईना की आई म्हणते, "चाडं मागतोय मेला." दर्यापूरची सूनसुद्धा म्हणते. पण चाड्याचं कौतुक 'निळव्या'पुढे काहीच नाही. निळवं हे धान्य मोजायचं जुनं माप. शेराचं निम्मं मापटं, मापट्याचं निम्मं चिपटं, चिपट्याचं कोळवं आणि कोळव्याचं निळवं, म्हणजे शेराचा सोळावा हिस्सा. काकांनी मागे कधीतरी लिहून दिलं होतं: "निळवें. न. (कों.) पावसाळ्यात भिंतीवर उठणारा निळसर ओला डाग. निळवें फुटणें, म्हणजे झाकलेली भानगड उघडी पडणें." निम्म्या घरांच्या भिंती गळत होत्या, शब्दाची निकड होतीच. आठवड्यात तो व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर आला. वर्षाभरात सेक्रेटरींनी नोटिशीत लिहिलं: "ज्या सभासदांकडे निळवे आहे त्यांनी कार्यालयात कळवावे."

यंदा पावसाळ्याआधी वॉटरप्रूफिंगचा कंत्राटदार आला. दोन जिने चढून-उतरून भिंतींवर टिचक्या मारल्या आणि कागदावर आकडा लिहून समितीपुढे ठेवला. प्रत्येक घराच्या वाट्याला येणारी रक्कम बघून काकांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला.

"एवढे कसले?"

"निळवं फार आहे ना तुमच्याकडं. साधी गळती वेगळी, निळवं वेगळं. त्याला केमिकल वेगळं लागतं."

"अहो, निळवं असं काही नसतंच!" काका उठून उभे राहिले. "ते धान्याचं माप आहे. शेराचा सोळावा भाग! तळमजल्यावर कोश आहे, दाखवतो तुम्हाला."

कंत्राटदारानं पेन खिशाला लावलं. "असेल काका, तो दुसरा अर्थ असेल. आमच्या कल्याणकडं सगळे निळवंच म्हणतात."